नवलेखकाने पदरचे पैसे मोजून संपादन करून घ्यावं का?

ओलीशाई
नमस्कार मंडळी. पहिली कादंबरी लिहून झाली आहे, साधारण ऐंशी हजार शब्दांची. प्रकाशकांकडे पाठवण्याआधी ती व्यावसायिक संपादकाकडून तपासून घ्यावी का, यावर माझं मत काही पक्कं होईना. ओळखीच्या लिहित्या लोकांत सरळ दोन तट आहेत. एक गट म्हणतो, कच्चं हस्तलिखित पहिल्या पानावरच बाजूला पडतं, तेव्हा खर्च करच. दुसरा म्हणतो, संपादन हे प्रकाशकाचं काम, त्यासाठी लेखकाने खिशात हात घालायचा म्हणजे उलटी गंगा. मला दोन्हीकडचं पटतं, म्हणून तर पंचाईत. चौकशी केली तेव्हा आकडे ऐकून डोळे पांढरे झाले, आणि त्या पैशांत नक्की काय करून मिळणार हे कोणी धड सांगितलं नाही. ज्यांनी असं संपादन करून घेतलंय, ज्यांनी मुद्दाम टाळलंय आणि जे स्वतः हे काम करतात, अशा सगळ्यांनी लिहावं ही विनंती.

रानवारा
माझं उत्तर: नाही. जेम्स डी. मॅकडॉनल्ड या अद्भुतकथा लिहिणाऱ्या लेखकाचा एक नियम 'योगचा नियम' (Yog's Law) म्हणून प्रसिद्ध आहे. पैसा लेखकाकडे वाहत आला पाहिजे. लेखकाकडून बाहेर जायला लागला की समजायचं, कुणीतरी तुमच्या स्वप्नावर दुकान थाटलंय.

मोरपीस
रानवारा यांना अनुमोदन. वाचतेय.

कानामात्रा
रानवारा, नियम चांगला आहे, पण तो प्रकाशक आणि एजंट (लेखकाचं पुस्तक प्रकाशकाकडे नेणारा मध्यस्थ) यांच्यासाठी आहे. प्रकाशकाने लेखकाकडे पैसे मागू नयेत, एवढंच तो सांगतो. लेखकाने लिहायला शिकण्यासाठी काही खर्च करावा की नाही, यावर तो नियम काहीच बोलत नाही. कार्यशाळेची फी भरतो तेव्हा आपण कुठे म्हणतो की पैसा उलटा वाहतोय?

जुनीप्रत
थोडा इतिहास सांगतो, कारण 'संपादन म्हणजे शुद्धलेखन' असा समज घेऊन बरेच जण या प्रश्नाकडे येतात.

स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेत मॅक्सवेल पर्किन्स नावाचे संपादक होते. थॉमस वुल्फचं पहिल्या कादंबरीचं अवाढव्य बाड त्यांच्याकडे आलं. त्यांनी लेखकाबरोबर बसून त्यातले हजारो शब्द काढले आणि १९२९ साली ती कादंबरी आली. हार्पर ली यांचं उदाहरण तर नवलेखकांनी पाठच करावं. लिपिंकॉट या प्रकाशनसंस्थेच्या संपादक टे होहॉफ यांना त्यांच्या हस्तलिखितात दम दिसला, पण ते पुस्तक म्हणून उभं राहत नव्हतं. दोन वर्षांहून अधिक काळ पुनर्लेखन चाललं. मूळ कथेतली नायिका मोठी होऊन गावी परतते. पुनर्लेखनात तिचं बालपणच कादंबरी झालं आणि १९६० साली 'टू किल अ मॉकिंगबर्ड' छापली गेली. तो जुना खर्डा २०१५ साली वेगळं पुस्तक म्हणून आला. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, संपादक काय करू शकतो ते डोळ्यांना दिसतं. आपल्याकडे 'सत्यकथे'त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाशी सविस्तर पत्रव्यवहार करून कथा कुठे अडतेय ते कळवत.

आता मुद्दा. या सगळ्या संपादकांचा पगार कोण देत होतं? प्रकाशनसंस्था किंवा मासिक. लेखकाने दमडी मोजली नव्हती. म्हणून माझा कल रानवाऱ्याकडे आहे. पण आज किती प्रकाशकांकडे दोन वर्षं एका नवख्या हस्तलिखितामागे घालवायला माणूस आहे, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे. ती जागा रिकामी झाली म्हणून तर बाहेर संपादकांचा बाजार उभा राहिला.

प्रूफाचीपाटी
हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा लांबण लावतो. ओलीशाई, तुम्हाला आकडे कळले पण काम कळलं नाही, कारण 'संपादन' या एकाच नावाखाली चार निरनिराळी कामं विकली जातात. एक वाक्य घेऊन दाखवतो. समजा हस्तलिखितात असं आहे:

"सुमन दार उघडून आत आली, तिच्या मनात प्रचंड दुखः दाटून आले होते व तिने शांतपणे दिव्याचे बटण दाबले."

मुद्रितशोधक 'दुखः' चं 'दुःख' करेल आणि पुढे जाईल. त्याचं काम तेवढंच आणि ते पुस्तकाची पानं लागल्यावर.

कॉपी-एडिटर मागे जाऊन बघेल आणि समासात लिहील: "मागच्या प्रकरणाच्या शेवटी इमारतीतली वीज गेली आहे. ती परत कधी आली?" शिवाय तुम्ही पुस्तकभर 'आणि' वापरत असाल तर इथे 'व' का, तेही विचारेल.

वाक्यावाक्यावर काम करणारा संपादक, ज्याला लाइन एडिटर म्हणतात, तो 'तिच्या मनात' पासून 'होते' पर्यंत खाली पेन्सिलीची रेघ ओढेल आणि विचारेल, हे सांगायची गरज आहे का? "सुमन दार उघडून आत आली आणि तिने दिवा लावला." एवढ्यावर थांबलात तर दुःख वाचकाला कळणार नाही असं वाटतं का?

आणि चौथा, जो पुस्तकाच्या आराखड्याकडे बघतो, तो या वाक्याला हातच लावणार नाही. तो पत्र लिहील: "वडील गेल्याचं वाचकाला दोन प्रकरणं आधी कळलंय. सुमनला ते आत्ता कळतंय. मधली दोन प्रकरणं वाचक तिची वाट बघत ताटकळतो. ती दोन्ही काढून टाकली तर काय बिघडेल?"

हे चौथं काम सगळ्यात महाग, सगळ्यात दुर्मीळ आणि नवलेखकाला सगळ्यात जास्त उपयोगी. विकलं जातं मात्र बहुतेकदा पहिलं किंवा दुसरं, चौथ्याच्या भावात. चौथं व्हायच्या आधी पहिल्या तिघांवर खर्च करणं म्हणजे पाडायच्या भिंतीला रंग देणं.

कोपरा
त्या बिचाऱ्या सुमनला दिवा तरी लावू द्या. चौघांनी मिळून अंधारात उभी केलीत तिला.

मोरपीस
प्रूफाचीपाटी, या प्रतिसादाचा वेगळा धागा काढा! वाचनखूण साठवली आहे.

हिरवाकंदील
मी पैसे देऊन आराखड्याचं संपादन करून घेतलंय आणि ते करून घेतल्याचा मला आजही आनंद आहे. कादंबरी हातात परत आली तेव्हा पानांवर एकही खूण नव्हती. सोबत एक लांबलचक पत्र होतं. आधी राग आला, एवढ्या पैशांत नुसतं पत्र? मग वाचलं. त्यात निवेदकाबद्दल एक प्रश्न होता: "हा माणूस सगळ्यांबद्दल सगळं सांगतो, पण त्याला स्वतःला काय हवंय ते एकाही पानावर नाही. तुम्हाला ते माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. त्या प्रश्नामुळे पुढचं सगळं लेखन बदललं. घरातल्या, मित्रांतल्या कोणीही तो प्रश्न विचारला नसता, कारण ते सगळे कथेत माझाच आवाज ऐकत होते.

त्यामुळे माझं मत: दुरुस्त्या विकत घेऊ नका, प्रश्न विकत घ्या. दुरुस्त्या आपल्या आपण करायच्या. तेव्हाच पुढचं पुस्तक लिहिताना त्यातलं काही अंगात उरतं.

बांधावरून
माझा अनुभव नेमका उलटा. माझ्या कथांमधली माणसं बोलीत बोलतात. मजकूर परत आला तेव्हा म्हातारी, पोरं, मजूर सगळे एका सुरात, छापील प्रमाणभाषेत बोलायला लागलेले. एक म्हातारी रागाने म्हणते, "मला नगं तुमचं काई." त्याचं झालं होतं, "मला तुमचे काहीही नको आहे." ती म्हातारी मेलीच की तिथे! ट्रॅक चेंजेस (फाइलमधला प्रत्येक बदल खुणेने दाखवणारी सोय) चालू ठेवलं नव्हतं, त्यामुळे काय काय बदललं ते शोधायला दोन फायली शेजारी उघडून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागली. पैसे आगाऊ दिलेले होते. संपादकाने वर सांगितलं, "वाचकाला सोपं जावं म्हणून केलं." नाव घेत नाही, पण हे एकट्या माझ्याच बाबतीत झालेलं नाही.

प्रूफाचीपाटी
बांधावरून, वाचून वाईट वाटलं. हे संपादन नाहीच. संवादातली बोली हा लेखकाचा निर्णय असतो. फार तर सुसंगती बघायची: तीच म्हातारी एका पानावर 'नगं' आणि दुसऱ्यावर 'नको' म्हणत असेल तर विचारायचं. बदल खुणेशिवाय करणं तर अक्षम्य. कुणीही काम द्याल तेव्हा पहिली अट हीच घाला: प्रत्येक बदल दिसला पाहिजे आणि प्रत्येक बदल नाकारायचा हक्क माझा.

दुसरी अट नमुन्याची. पूर्ण काम देण्याआधी आपल्याच मजकुरातली चार-पाच पानं संपादित करून मागा. त्यासाठी पैसे द्यावे लागले तरी द्या. त्या पानांत तुमची म्हातारी जिवंत राहते की नाही ते लगेच कळतं.

जुनीप्रत
यावरून अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर आठवले. १९८१ साली आलेल्या त्यांच्या कथासंग्रहाने त्यांना त्रोटक, कोरड्या शैलीचे उस्ताद म्हणून नाव मिळवून दिलं. ती शैली बऱ्याच अंशी संपादक गॉर्डन लिश यांच्या कात्रीतून आलेली होती. काही कथा निम्म्याहून जास्त कापल्या होत्या. कापलेली प्रत बघून कार्व्हरनी जुलै १९८० मध्ये लिशना पत्र लिहून पुस्तक थांबवा म्हणून काकुळतीने विनवलं होतं. पुस्तक थांबलं नाही. कार्व्हर १९८८ साली गेले. मूळ, न कापलेल्या कथा पुस्तकरूपाने आल्या त्या २००९ साली. कुठली आवृत्ती सरस यावर अजून वाद चालू आहे.

कोपरा
मला कापलेल्याच जास्त आवडतात.

बांधावरून
कोपरा, तुम्हाला आवडतात हे ठीक. पण ज्याचं नाव मुखपृष्ठावर आहे त्याला त्या आवडत नव्हत्या, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पाऊणशब्द
कवींसाठी कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. एलियटच्या 'द वेस्ट लँड'चा खर्डा एझरा पाउंडनी १९२२ च्या सुरुवातीला जवळजवळ निम्म्यावर आणला. त्यांच्या खुणा असलेली पानं खूप वर्षं हरवली आहेत असंच लोक समजत होते. १९७१ साली ती जशीच्या तशी छापली गेली. सबंध पानंच्या पानं आडव्या रेघेने उडवलेली आहेत आणि समासात फटकळ शेरे. एलियटनी कविता पाउंडनाच अर्पण केली. पाउंडनी बिल पाठवलं नव्हतं. कवितेला दर शब्दामागे दर लावणाऱ्या संपादकाकडे मी तरी जाणार नाही. कवीने दुसरा चांगला कवी शोधावा आणि त्याच्या कविता तितक्याच कठोरपणे वाचून द्याव्यात.

रानवारा
पाऊणशब्द, हेच तर! एकमेकांचं वाचा. फुकट आणि चांगलं.

कानामात्रा
सगळ्यांच्या नशिबी पाउंड नसतो हो. माझ्या वाचणाऱ्या मित्रांना मी खर्डा दिला तर उत्तर ठरलेलं: "छान जमलंय, आवडलं."

हिरवाकंदील
कानामात्रा, प्रश्न बदलून बघा. 'कसं वाटलं?' विचारलं की 'छान'च येणार. 'वाचताना कुठे थांबलास? पुन्हा कधी उघडलंस? कुणाचं नाव विसरलास?' असं विचारा. कुठे कंटाळा आला हे वाचक अगदी अचूक सांगतो. का आला, ते मात्र त्याला बरेचदा सांगता येत नाही आणि त्याने सुचवलेला उपाय तर बहुधा चुकीचाच असतो. ते 'का' शोधून देणारा तो संपादक.

तिसरीघंटा
एक धोक्याची सूचना. १९९० च्या दशकात अमेरिकेत एक मोठं प्रकरण गाजलं. काही एजंट नवलेखकांना कळवायचे, "हस्तलिखित आशादायक आहे, पण अमुक संस्थेकडून संपादन करून आणा." लेखक आशेने पैसे भरायचे आणि त्या रकमेतला वाटा गुपचूप एजंटला जायचा. शेवटी न्यूयॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरलनी त्या संस्थेवर कारवाई केली. अशा प्रकारांवर लक्ष ठेवणारा 'रायटर बिवेअर' हा उपक्रम १९९८ पासून चालू आहे. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेने सदस्यांना वाचनाची फी घ्यायला मनाई केली आहे, तीही उगाच नाही.

हा प्रकार आजही सर्रास चालतो, फक्त रूप बदललंय. 'तुमचं पुस्तक स्वीकारलं आहे, आमच्याच संपादन पॅकेजचे पैसे भरा' असा निरोप आला की समजा, तुमच्या पुस्तकातला त्यांचा रस तिथेच संपला. छापायचं की नाही हे जो ठरवतो, त्यानेच संपादनाचे पैसे घेऊ नयेत. त्याला 'नाही' म्हणायचं कारणच उरत नाही.

रानवारा
तिसरीघंटा +१००.

दुपारपाळी
मला एक गोष्ट खटकते. नोकरी सांभाळून, रात्री जागून लिहिणारे आमच्यासारखे लोक हा खर्च करूच शकत नाहीत. 'संपादन केलेलंच हस्तलिखित पाठवा' ही अपेक्षा रुजली, तर ज्याच्याकडे पैसा तोच लेखक होणार. वर सगळे गुणवत्तेबद्दल बोलले, याबद्दल कोणी बोलत नाही.

प्रूफाचीपाटी
दुपारपाळी, तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि त्याचं माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एवढंच सांगतो: प्रकाशनसंस्थेत हस्तलिखित वाचणारा माणूस दोन-चार ऱ्हस्व-दीर्घावरून चांगली कथा परत करत नाही. तो बघतो की पुढचं पान उलटावंसं वाटतंय का. ते पैशाने आणता येत नाही. उलट पैसे देऊन गुळगुळीत केलेलं पण आतून पोकळ हस्तलिखित ओळखू येतं.

पण संपादक 'फार घेतात' असं वर सूचित झालंय, त्याचा हिशोब मांडतो. व्यवसायात एक पान म्हणजे २५० शब्द धरतात. ऐंशी हजार शब्द म्हणजे ३२० पानं. वाक्यावाक्यावर काम करताना समजा तासाला पाच पानं झाली, तर ६४ तास झाले, आणि ही फक्त एक फेरी. कोणी तीन दिवसांत आणि कवडीमोल भावात कादंबरी 'एडिट' करून देतो म्हणाला, तर त्याने ती वाचलेलीच नाही. अमेरिकेतली एडिटोरियल फ्रीलान्सर्स असोसिएशन प्रत्येक प्रकारच्या कामाचे प्रचलित दर जाहीर करते. ब्रिटनमधली चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ एडिटिंग अँड प्रूफरीडिंग सदस्यांची सूची ठेवते. आकड्यांचा अंदाज तिथे येतो.

मोरपीस
हल्ली सॉफ्टवेअर आणि एआय हे सगळं करतंय ना? मग माणसाला पैसे कशाला?

कानामात्रा
शुद्धलेखन आणि एकच शब्द सतत येतोय का हे बघायला जरूर वापरा, मीही वापरते. पण बांधावरूनच्या म्हातारीला 'मला तुमचे काहीही नको आहे' म्हणायला लावणं हा तर यंत्राचा आवडता उद्योग. आणि ते प्रत्येक प्रकरणाचं कौतुक करतं, त्यावर विसंबू नका.

नवीपाटी
मी उशिरा आले. माझा प्रश्न थोडा वेगळा. मला प्रकाशकाकडे जायचंच नाही, स्वतःच ई-पुस्तक आणि छापील प्रत काढायची आहे. मग?

तिसरीघंटा
मग प्रकाशक तुम्हीच, आणि प्रकाशकाचा खर्चही तुमचाच. तिथे कॉपी-एडिटिंग आणि मुद्रितशोधन टाळू नका, कारण तुमच्यानंतर थेट वाचकच आहे. मधे दुसरा डोळा नाही.

प्रूफाचीपाटी
आणि क्रम पाळा. आधी आराखडा, मग वाक्यं, मग कॉपी-एडिटिंग, मग पानांची मांडणी आणि मांडलेल्या पानांवरच शेवटचं मुद्रितशोधन. मांडणीत ओळी तुटतात, जोडाक्षरं फुटतात, परिच्छेद गायब होतात. आधीच्या वर्ड फाइलवर प्रूफं पाहून काही उपयोग नाही. शेवटचं वाचन शक्यतो वेगळ्या माणसाकडून करून घ्या. ज्याने मजकूर चारदा वाचलाय त्याला चुका दिसेनाशा होतात.

नवीपाटी
धन्यवाद, हे लिहून ठेवलं.

ओलीशाई
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं भरभरून मिळेल असं वाटलं नव्हतं. सुमनचं वाक्य वाचून माझं हस्तलिखित उघडलं आणि पहिल्याच प्रकरणात 'मनात दाटून आले' दिसलं, ते लगेच काढलं.

सध्या असं ठरवलंय. आधी काही दिवस बाड बंद ठेवून मग सगळं मोठ्याने वाचणार. मग हिरवाकंदील यांचे प्रश्न देऊन अनोळखी वाचकांकडे पाठवणार. तरीही काहीतरी अडतंय असं वाटलं, तर पूर्ण संपादन न घेता पहिल्या काही प्रकरणांवर फक्त अहवाल मागवणार, तोही नमुना बघून. शुद्धलेखनावर आत्ता खर्च नाही, ते प्रकाशकाकडे. प्रूफाचीपाटी, अर्ध्या पुस्तकावर असा अहवाल लिहून देतात का?

प्रूफाचीपाटी
देतात. पण सोबत संपूर्ण कथेचा शेवटापर्यंतचा सारांश द्या, दोन-तीन पानांचा, काहीही न लपवता. शेवट माहीत नसताना सुरुवातीवर दिलेलं मत वाऱ्यावरचं असतं. बरेच लेखक रहस्य फुटेल म्हणून सारांश देत नाहीत.

रानवारा
ओलीशाई, प्रकाशकाकडे पाठवणाऱ्यांसाठी माझं 'नाही' कायम आहे. पण अनोळखी वाचक हवेत म्हणालात ना? मी वाचतो. पहिली पन्नास पानं पाठवा. कुठे थांबलो ते पान नंबरासकट लिहून कळवेन.

दुपारपाळी
मीही वाचेन, पण रात्रपाळीच्या आठवड्यात नाही. आणि माझा कथासंग्रह तुम्ही वाचायचा.

ओलीशाई
दोघांनाही व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. दुपारपाळी, कबूल.